मेलितोन पाचायचं चपटं काळीज

मेलितोन पाचाय मरायला टेकलाय, ही बातमी पोसो सेको गावात इतकी जुनी झाली होती, की ती कानावर घेऊन जन्मलेली पोरं आता कोंबड्यांच्या झुंजीवर पैजा लावू लागली होती. मरण काही येत नव्हतं. येणार तरी कसं? सकाळी केळ्याचे तळलेले गोळे आणि चीज, दुपारी शेंगदाण्याच्या रश्श्यातला मासा, तिन्हीसांजेला पुन्हा काहीतरी चुरचुरीत, आणि मधल्या वेळात हा गृहस्थ जाळीच्या झोपाळ्यात डाव्या कुशीवर मुटकुळं करून पडलेला. हात छातीवर, डोळे अर्धे मिटलेले. देवळातल्या संतांनीही एवढा वेळ तसा चेहरा धरून दाखवावा.

त्याचं दुखणं काय, तर त्याचं काळीज चपटं झालं होतं.

दुसऱ्या कुठल्या गावात असं कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पोसो सेकोत लोक गंभीरपणे माना हलवत. मोंतेक्रिस्तीच्या डोंगरामागचं हे गाव तोकिया गवताच्या टोप्या विणून जगतं. उंच तिवईवर लाकडी साचा असतो, साच्यावर टोपी, टोपीवर उशी. विणणारा कमरेत वाकून त्या उशीवर छाती टेकतो आणि दोन्ही हात खाली सोडून टोपीची कड विणत बसतो. तेही पहाटे आणि सूर्य कलल्यावर, कारण मधल्या उन्हात गवत वाळून कडाकडा तुटतं. अशी जन्मभर छाती साच्यावर टेकलेली. तेव्हा कुणाच्या छातीत कळ आली की गावातले म्हातारे म्हणत, "साच्यानं धरलं याला." रोज दाबून दाबून काळीज टोपीच्या माथ्यासारखं सपाट होतं, ही गावाची पक्की समजूत. आजवर कुणी काळीज बाहेर काढून पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती खोटीही ठरलेली नव्हती.

खरं बोलायचं तर मेलितोन एके काळी चांगला विणकर होता. टोपीत पाणी ओतलं तर थेंब गळू नये, असं विणायचा. पण हात जितका बारीक, तितकी बाकीची अक्कल जाडी. टोपी विकली की तो झुंजीच्या रिंगणात जाऊन बसे. तिथून उठला की मोंतेक्रिस्तीच्या एका शिंपिणीकडे. घरी यायचा तो कपडे बदलायला. मग एका पहाटे साच्यावर वाकलेला असताना त्याच्या छातीत डाव्या बाजूला कळ आली, ती दंडातून करंगळीपर्यंत उतरली, आणि मेलितोनला एकाएकी घर, बायको, मुलगी आणि देव, सगळं आठवलं. त्या दिवसापासून त्यानं साचा सोडला आणि झोपाळा धरला. साचा मुलीच्या छातीखाली आला.

ही मुलगी म्हणजे फ्लेरिदा. तिशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. बापाचं अर्धवट राहिलेलं विणकाम तिनं पुरं केलं, मग पुढचं घेतलं, मग त्याच्या पुढचं. बापाला रश्शाची वाटी हातात नेऊन द्यायची, झोपाळ्याला झोका द्यायचा, रात्री त्याला धाप लागली की उठून बसायचं. आई लास्तेनिया निजण्याआधी कापराचा मलम लावून त्याची छाती चोळायची. मलमाच्या वासानं घर इतकं भरलं होतं, की फ्लेरिदाच्या टोप्यांनाही तो यायचा.

आणि एवढं असून मांता बंदरातला विस्मार हिच्या मागे लागला होता. विस्मार मासेमारी बोटींची जाळी सांधायचा. साधा, कानानं थोडा मंद, पण शब्दाला पक्का. त्यानं पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा पाद्रीबुवांकडे तारीखसुद्धा ठरली. तारखेच्या आदल्या दिवशी मेलितोनच्या काळजात कळ आली. लग्न पुढे ढकललं. मग कुमारी मातेच्या जत्रेनंतरचा मुहूर्त धरला. डुक्कर कापलं, मक्याच्या पानांत मसाला भरला, आणि मेलितोन अंगणात आडवा झाला. डुक्कर खाताना मात्र तो उठून बसला होता. तिसऱ्यांदा तर विस्मारनं नुसतं "ईस्टरनंतर" एवढं म्हटलं, आणि एवढ्यावरच झोपाळ्यातून कण्हणं सुरू झालं.

"मी गेल्यावर कर हो लग्न, पोरी," मेलितोन डोळे मिटून म्हणायचा. "फार दिवस नाही लागायचे. साचा आत रुतलाय, मला कळतंय ना."

फ्लेरिदाला ते खरं वाटायचं. ती वेडी होती, असं म्हणायला हवं. बाप ढोंगी आहे हे कोंबड्यांनासुद्धा कळलं होतं, पण तिला वाटायचं, आणि खरंच दगावले तर? कळ खोटी नव्हती, हे ती रोज पाहत होती. माणूस पांढराफटक पडायचा, कपाळाला घाम यायचा. दुखणं खरं आणि दुखणेकरी खोटा, असं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

शेवटी विस्मार एका रविवारी आला आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला.

"मांतामध्ये खोली घेतलीय," तो म्हणाला. "खिडकीतून बोटी दिसतात. शनिवारच्या बसनं ये. नाही आलीस तर मी रागावणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही. माझंही वय होतंय, फ्लेरिदा."

तो गेला. फ्लेरिदानं त्या संध्याकाळी विणलेली कड दुसऱ्या दिवशी पाहिली तर सगळी वाकडी. तिनं ती उसवली आणि बापाला म्हणाली, "पापा, चला, दवाखान्यात जाऊ."

"कशाला?"

"तुमच्याजवळ किती दिवस आहेत ते विचारायला."

यावर मेलितोनला नाही म्हणता येईना. मरणाऱ्या माणसानं मरणाची चौकशी करायला नकार कसा द्यायचा? लास्तेनियानं मात्र तोंड वाकडं केलं. "ती डॉक्टर सिएर्रातली, पार वरच्या पहाडी मुलखातली आहे," ती म्हणाली. "बटाटे खाणाऱ्यांना काय कळतं आपल्या छातीतलं?"

गावच्या दवाखान्यात त्या वर्षापुरती नेमलेली डॉक्टर पिंतादो ही खरोखरच पहाडातल्या कुएन्काकडची होती. गोरी, ठेंगणी, आणि समुद्राकडच्या उकाड्यानं कायम वैतागलेली. तिनंच आधी मेलितोनला पोर्तोविएहोच्या मोठ्या इस्पितळात धाडून काळजाचा आलेख काढून घेतला होता. आलेख स्वच्छ आला होता. मेलितोननं त्याचा अर्थ गावाला असा सांगितला होता की ती मशीन गोल काळजासाठी असते, चपटं तिला दिसत नाही.

"डोन मेलितोन, कुठे दुखतं तिथे बोट ठेवा," डॉक्टर म्हणाली.

मेलितोननं बोट न ठेवता अख्खा पंजा ठेवला. "इथून निघतं डॉक्टरीणबाई, सगळीकडे पसरतं. मग हातात उतरतं. पार करंगळीपर्यंत. मरणाची पावलं ओळखू येतात माणसाला."

डॉक्टरनं त्याचा पंजा उचलून बाजूला ठेवला. तिनं आपला अंगठा त्याच्या गळ्याच्या हाडाखाली टेकवला आणि छातीच्या मांसातून सावकाश बगलेकडे सरकवत नेला. एका जागी अंगठा थांबला. तिनं दाबलं.

मेलितोन असा ओरडला की बाहेर बसलेल्या बायांनी छातीवर क्रूस काढले.

"हेच! हेच ते! धरलं हो, हिनं माझं काळीज धरलं!"

"दंडात गेलं?"

"गेलं!"

"करंगळीत?"

"आई गं, गेलं, गेलं!"

"हे काळीज नाही," डॉक्टर म्हणाली. तिनं अंगठा उचलला नव्हता. "काळीज बरगड्यांच्या आत. माझा अंगठा बाहेर. हा छातीचा स्नायू आहे, आणि यात एक गाठ आहे. दाण्याएवढी. सेन्योरिता, इकडे या, हात लावा."

फ्लेरिदानं भीत भीत बोट लावलं. कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा लागला आणि त्या दोरीत कठीण असा दाणा. तिनं तो जरासा दाबला, आणि बाप पुन्हा विव्हळला. एवढासा तो दाणा. तिची सगळी उमर त्याच्यावर टांगलेली होती.

डॉक्टर साध्या शब्दांत सांगत होती. माणूस वर्षानुवर्षं एकाच बाकात वाकलेला राहिला, की त्या बाकात आखडलेल्या स्नायूचा एखादा बारीक भाग आवळतो आणि सुटायचं विसरतो. आवळलेल्या जागी रक्त धड पोचत नाही. रक्त पोचत नाही म्हणून ती जागा सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून दुखते. अतिकाम, काळजी, अपुरी झोप, हे सगळं त्यात तेल ओततं. "आणि गंमत अशी, की गाठ असते एकीकडे, कळ जाते भलतीकडे. का जाते, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण जाते, आणि लोक कळ जिथे आहे तिथे चोळत बसतात." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच तो प्रकार.

"पण मी विणणं कधीच सोडलं!" मेलितोन दुखावून म्हणाला.

"मग दिवसभर काय करता?"

"झोपाळ्यात असतात," फ्लेरिदा म्हणाली. "डाव्या कुशीवर. खांदा पुढे घेऊन, मुटकुळं करून."

डॉक्टरला हसू आवरलं नाही. "मग साचा सोडून उपयोग काय झाला? बाक तर तोच ठेवलात! उठा, हिंडा, हात डोक्यावर न्या, दारात उभं राहून छाती ताणा. रोज कुणीतरी ही गाठ दाबून धरा, ढिली होईपर्यंत. जाईल."

"जाईल?" मेलितोननं असं विचारलं, की डॉक्टरनं जणू त्याला घर विकायला सांगितलं होतं.

घरी येताना तो सगळी वाट फुरफुरत होता. "गाठ म्हणे! गाठी हमालांना होतात. मी काय बंदरावर पोती उचलली?" रस्त्यात जो भेटेल त्याला मात्र तो वेगळंच सांगत होता. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं होतं, की सिएर्रातल्या डॉक्टरणीनं बरगड्यांतून अंगठा घालून मेलितोनच्या काळजाला हात लावला आणि तेवढ्यानं बिचारा गेला होता पण परत आला. चपटेपणाची आता तपासणी झालेली होती. नाक कापलं तरी भोकं शाबूत, म्हणतात ते यालाच.

फ्लेरिदाला मात्र घरी जाऊन कधी आईला सांगते असं झालं होतं. लास्तेनिया मागल्या पडवीत भाजलेला मका आणि शेंगदाणे वाटत होती.

"ममा, काळीज नाहीच ते! नुसती गाठ आहे. डॉक्टरनं दाबली आणि जशीच्या तशी कळ आली. मीसुद्धा दाबली. इथे, बघ." तिनं स्वतःच्या छातीवर दाखवलं.

लास्तेनियानं वर पाहिलं नाही. "जराशी खाली," ती म्हणाली. "बगलेकडे."

वाटण्याचा आवाज थांबला. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते लास्तेनियाच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"तुला माहीत होतं," फ्लेरिदा म्हणाली.

"रोज चोळते त्या माणसाला. माझ्या बोटांना कळणार नाही?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, असं समज." लास्तेनियानं हात झग्याला पुसले आणि आता ती सरळ मुलीकडे बघत होती. "जोरात दाबलं की कळ येते, आणि तशीच धरून ठेवली की सुटते. दोनदा पुरती सुटली होती. दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळ करून, केसांना तेल लावून मोंतेक्रिस्तीला निघाले. त्या शिंपिणीकडे. तेव्हापासून मी नुसता मलम लावते. दाबत नाही."

"म्हणजे तू त्यांना मुद्दाम..."

"मुद्दाम! छाती धड होती तेव्हा तुझा बाप या घरात किती रात्री निजला, मोजून सांग मला. दुखायला लागलं आणि घरी आला. मी का म्हणून बरं करू? कुणासाठी? शिंपिणीसाठी?"

"आणि माझं काय, ममा?"

लास्तेनियानं मका पुन्हा पुढे ओढला. "तू पण राहिलीस घरी," ती म्हणाली. "मला सोबत होती."

फ्लेरिदाला आईचा इतका संताप आला, की तिनं वाटणाचं भांडं उचलून भिंतीवर फेकावं असं तिला वाटलं. तिनं फेकलं नाही. बापाची तिला एवढे दिवस कीव येत होती, आता किळस आली. आईचीही आली. आणि सगळ्यांत जास्त आली ती स्वतःची. एका दाण्याभोवती तिघं माणसं इतकी वर्षं घाण्याचे बैल होऊन फिरत होती, त्यातले दोघे आपापल्या सोयीनं, आणि तिसरी निव्वळ मूर्खपणानं. बाकीचे दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. तिनं हातातली टोपी पुरी केली, पिशवी भरली आणि शनिवारी सकाळी अंगणात आली.

मेलितोन वाटच पाहत होता. त्यानं जागासुद्धा नीट निवडली होती, कुंपणाच्या फाटकाजवळ, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी. फ्लेरिदा चार पावलं चालते तोच तो छाती धरून खाली बसला आणि मग आडवा झाला.

"गेलो! लास्तेनिया, पाद्रीबुवांना बोलाव!"

शेजारपाजार धावला. सगळ्यांत पुढे शेजारीण सोइला, फ्लेरिदाच्या बारशाची धर्ममाता, हातात कोंबडीचं अंडं घेऊन. अंगात शिरलेला वारा अंड्यानं उतरवण्यात तिचा हातखंडा होता, आणि गावात कुठलंही दुखणं आलं की सोइलाला ते वाऱ्याचंच दिसायचं.

"काय गं पोरी," ती कडाडली, "बापाच्या मढ्यावरून जाणार का सासरी? जन्म दिला त्यानं तुला! एवढा पुळका आलाय त्या बहिऱ्याचा?"

"थांबायचं की एखादं वर्ष," दुसरी कुणी म्हणाली.

फ्लेरिदानं पिशवी खाली ठेवली. ती बापाशेजारी गुडघ्यांवर बसली. बापाचा चेहरा खरंच पांढरा होता, घाम खरंच आला होता. इतका वेळ फाटकाशी खांदे आवळून, वाकून उभा होता, कळ येणारच. तिनं त्याचा सदरा बाजूला केला, गळ्याच्या हाडाखालून अंगठा सरकवला, आईनं सांगितलं होतं तसा जरासा खाली, बगलेकडे, आणि दाणा लागल्याबरोबर दाबला.

मेलितोन बोंबलला. "मारतेय! पोटची पोर मारतेय मला!"

"श्वास सोडा," फ्लेरिदा म्हणाली.

"सोइला, सोडव मला!"

"मध्ये कुणी येऊ नका. पापा, श्वास सोडा."

सोइला अंडं घेऊन नुसती उभी राहिली. बोंबलणं हळूहळू कण्हण्यावर आलं, कण्हणं उसाशावर. अंगठ्याखाली ती दोरी सैल होत होती, दाणा मऊ पडत होता, हे फ्लेरिदाला कळत होतं. मेलितोनच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यानं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तोंडावर असा बावळट भाव आला, की जणू झोपेत असताना कुणी त्याची झोळीच पळवली होती.

"हात वर करा," फ्लेरिदा म्हणाली.

"नाही होत तो. किती वर्षं..."

"करा."

हात वर गेला. सरळ डोक्यावर गेला, कोपर कानाला लागलं. मेलितोन आपल्याच हाताकडे बघत राहिला.

आधी कोण हसलं ते सांगता यायचं नाही. पण मग सगळेच हसले, रस्त्यावरचे आणि कुंपणाआतलेही. "अरे, काळीज गोल झालं रे याचं!" कुणीतरी ओरडलं. "सोइलाबाई, ते अंडं आता तळून घाला त्याला!" सोइलालाही हसू फुटलं. लास्तेनिया तेवढी दारात उभी होती, आणि ती हसली नाही. तिला तेलानं चोपलेले केस दिसत असावेत.

फ्लेरिदालाही हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याला उचलून धरलं, तो माणूस हात वर करून धुळीत बसलाय आणि गाव त्याच्यावर खिदळतंय, याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त तिरस्कार वाटला. तिनं पिशवी घेतली आणि ती रस्त्याकडे चालू लागली.

बस वळणावर दिसली, तेव्हा तिच्या मागे पावलं वाजली. मेलितोन आला होता. अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी. तो कण्हत नव्हता. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला ठाऊक नसावं.

"फ्लेरिदा. जाऊ नकोस."

"आता काय होतंय?"

"काही होत नाही." तो घुटमळला. असं बोलायची त्याला सवयच नव्हती. "काही दुखत नाही. पण तू जाऊ नकोस. तू पहाटे विणायला बसतेस, तेव्हा मी जागा असतो. झोपाळ्यातून बघतो तुला. तू नसलीस तर मला त्या घरात राहवायचं नाही. एवढंच. बाकी काही नाही."

सकाळपासून तिनं घट्ट धरून ठेवलेला तिरस्कार त्या बोलण्यानं सुटला, आणि तिला तो सुटायला नको होता. बस थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"हे पहिल्याच खेपेला म्हणाला असतात, पापा," ती म्हणाली, "तर मी राहिले असते. आपखुशीनं राहिले असते."

ती हे त्याला लागावं म्हणून बोलली नव्हती. ते खरं होतं. ती चढली आणि खिडकीपाशी बसली. मेलितोन धुळीत उभा होता, त्याला काहीही दुखत नव्हतं, आणि बस सुटली. फ्लेरिदा रडली, मांतापर्यंत रडली, पण उतरली ती मांतालाच.